भिंतीवरची शिंपीण

रंगवलेल्या भिंती शहरात यायला लागल्या, तेव्हा मीटरमावशीनं त्या बरेच दिवस फक्त गुडघ्यापर्यंत पाहिल्या. ती पाणीखात्यात मीटर वाचायला होती. पाण्याचे मीटर भिंतीच्या तळाशी, लोखंडी झाकणाच्या पेटीत असायचे. झाकण उचलायचं, काचेवरचं बाष्प फडक्यानं पुसायचं, विजेरी मारायची, आकडे वहीत उतरवायचे, झाकण लावायचं आणि पुढचं घर गाठायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे घरं. गुडघ्यांना चामड्याचे तुकडे बांधलेले. एवढ्या वेळा वाकणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत कुठली? तिला दिसायचे ते चित्रांचे पाय. कुठे बूट, कुठे बोटं, कुठे नुसतं निळं पाणी.

"मीटरमावशी आल्या, कुत्रा बांधा!" अशी हाळी घराघरांतून उठायची, आणि तेच तिचं नाव पडलं. सत्तावीस वर्षांत तिला चार कुत्रे चावले आणि एक बदक. बदकाचं तिनं कधी कुणाला नीट सांगितलं नाही.

एका सकाळी लाँड्रीच्या मागच्या भिंतीशी ती वाकली, तर मीटरची पेटीच सापडेना. समोर हिरवंगार गवत होतं, ओल्या रंगाचं, आणि वर शिडीवर एक दाढीवाला.

"ए रंगाऱ्या, इथे मीटर होता."

"आहे ना. गवतात आहे."

"मग काढ बाहेर. मी काय गाय आहे, चरत चरत शोधायला?"

दाढीवाला हसत खाली उतरला आणि पात्यानं झाकणाच्या कडा खरवडू लागला. झाकण पूर्ण मोकळं झालंय का, हे बघायला मावशी मागे सरकली, आणखी सरकली, आणि रस्त्याच्या पलीकडे पोचली. तिथून तिला पहिल्यांदा सबंध भिंत दिसली. तीन मजले उंच घोडा मान खाली घालून गवत खात होता. गेले चार दिवस याच घोड्याचे खूर तिला शेजारच्या मीटरांवर वाकताना दिसत होते, आणि हा माणूस भिंतीवर उलटे डबे का काढतोय, असं तिला वाटत होतं. ती तिथे किती वेळ उभी राहिली कोण जाणे. त्या दिवशीचे अकरा मीटर राहून गेले, आणि साहेबांचं बोलणं तिनं निमूट ऐकून घेतलं.

त्यानंतर तिला रस्ता ओलांडायची सवयच लागली. मीटर वाचला की पलीकडे जायचं, एकदा सगळं बघायचं, मग पुढे. वहीच्या मागच्या पानांवर ती नोंदी करायला लागली: कुठली भिंत, कुणी रंगवली, आधी तिथे काय होतं, कोण कुरकुरलं. माहिती मिळवायला तिला कष्ट पडत नसत. मीटरवालीला दार उघडावंच लागतं, आणि दार उघडलं की माणसं बोलतात. तो दाढीवाला रंगारी तर वर्षाला दोन-तीन भिंती करायचा. ती दिसली की शिडीवरूनच ओरडायचा, "मावशी, मीटर सोडलाय हं!"

मग खात्यानं नवे मीटर बसवले. ते आपले आकडे आपणच कार्यालयात पाठवायचे. मावशीला तक्रार खिडकीवर खुर्ची देऊ केली. तीन आठवडे तिनं लोकांच्या शिव्या बसून ऐकल्या. चालता चालता त्या ऐकायची तिला सवय होती. बसून ऐकणं जमेना. तिनं मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

घरी नवरा होता, तोही निवृत्त. तीस वर्षं बस चालवून आता तो खिडकीजवळच्या खुर्चीतून हलायला तयार नव्हता. "मी या शहराला हजारो चकरा मारल्यात," तो म्हणायचा. "आता त्यानं माझ्याभोवती माराव्यात." मावशीला मात्र सकाळचे नऊ वाजले की पाय शिवशिवायला लागत. काम नसताना ती जुन्याच वस्त्यांतून जुन्याच क्रमानं फिरून यायची.

अशीच ती एकदा शिंप्यांच्या गल्लीत आली. तिथल्या तीन मजली इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर त्याच रंगाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी एक बाई काढली होती. सुई ओवणारी बाई. उजव्या हातात सुई, डाव्या हाताच्या चिमटीत दोरा, एक डोळा सुईच्या नाकावर रोखलेला, दुसरा मिटलेला. बोटांवरचे टोचल्याचे बारीक डागसुद्धा दिसत होते. सगळ्या शहरात मावशीचं लाडकं चित्र हेच. भिंतीखाली दहा-पंधरा पाहुणे माना वर करून उभे होते, आणि पिवळी छत्री घेतलेली एक मुलगी त्यांना समजावत होती.

"ही स्त्री म्हणजे काळ. फाटलेलं शहर ती पुन्हा सांधते आहे. तिचा मिटलेला डोळा म्हणजे अंतर्दृष्टी."

मावशीला फस्सकन हसू आलं. सगळ्यांनी वळून बघितलं, तेव्हा गप्प बसणं तिला जमलं नाही.

"काळ-बिळ काही नाही हो. ही तळमजल्यावरची शिंपीण आहे. पलीकडून वळा, खिडकीतच बसते. आणि डोळा तिनं मिटलेला नाही, तो तसाच आहे. बघा जाऊन."

पाहुणे वळून गेले. खिडकीत खरंच एक बाई मशीनवर वाकलेली होती. पाहुण्यांनी तिच्याकडे बघितलं, परत येऊन भिंतीकडे बघितलं, पुन्हा खिडकीकडे गेले, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या. छत्रीवाली मुलगी कानापर्यंत लाल झाली होती. पण मुलगी हुशार होती. पाहुणे गेल्यावर तिनं मावशीला गाठलं.

"मावशी, तुम्हाला आणखी काय काय माहीत आहे?"

"तुझ्याकडे वेळ किती आहे?"

वेळ भरपूर निघाला. पुढच्या आठवड्यापासून दर गुरुवारी आणि रविवारी दोघी मिळून लोकांना भिंती दाखवू लागल्या. छत्री मुलीची, बोलणं मावशीचं. देवमाशाच्या खाली बूटपॉलिशची जुनी जाहिरात कशी अजून झिरपते, दोन भावांच्या भांडणात एकाच भिंतीवर अर्धा सूर्य आणि अर्धी कोरी वीट कशी राहिली, निळ्या बाईला सहा बोटं का आहेत (रंगारी मोजायला चुकला आणि खाली उतरून पुन्हा चढायचा त्याला कंटाळा आला), असं सगळं ती सांगायची. लोक हसायचे, प्रश्न विचारायचे. नवरा म्हणाला, "इतकी वर्षं घरी तू हे का नाही बोललीस?" ती म्हणाली, "तुम्ही बसचे आवाज काढत झोपायचात."

फेरी संपायची ती शिंप्यांच्या गल्लीत. "चित्र बघून झालं ना? आता मूळ माणूस बघा," असं म्हणून मावशी सगळ्यांना खिडकीकडे न्यायची. हा तिचा हातखंडा प्रकार झाला होता. लोक खिडकी आणि भिंत एकाच फोटोत बसवायला गुडघ्यांवर बसायचे. शिंपीणबाई मान वर करत नसे. मावशीला वाटायचं, कामात असते बिचारी.

दोन-तीन महिन्यांनी खिडकीला पडदा लागला. मावशी पाहुण्यांना म्हणाली, "ऊन येत असेल." पुढे पडद्यामागे फळी आली. मग "मूळ माणूस" दिसेनासंच झालं, आणि मावशी नुसतीच खिडकी दाखवून सांगू लागली, "या खिडकीमागे असते."

आणि मग एका मंगळवारी नवऱ्याच्या कोटाचं अस्तर सुटलं म्हणून मावशी स्वतःच कोट घेऊन तिथे गेली. दुकानाचं दार आतून बंद. घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. शिंपीणबाईनं दार हातभर उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा होता. मावशीला बघून तिनं दार लावून घेतलं नाही, एवढंच. मशीन खिडकीजवळून हलवून मागच्या खोलीत नेलं होतं, जिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागत होता.

"अहो, इथे अंधारात कशाला बसलात? डोळे जातील."

"एकच आहे, ताई," शिंपीणबाई म्हणाली. "तुम्ही सगळ्या जगाला सांगितलंय की."

मावशीनं कोट तसाच हातात धरून ठेवला.

"सात वर्षांची होते, ताप आला. तेव्हापासून ही पापणी वर होत नाही." शिंपीणबाई रागावून बोलत नव्हती, माप सांगावं तसं सांगत होती. "चाळीस वर्षं मी हा डोळा सांभाळलाय. माप घेताना मी नेहमी गिऱ्हाइकाच्या अशा बाजूला उभी राहते, की त्याला कळत नाही. लग्नाच्या फोटोत मी बाजूनं उभी आहे. माझ्या नणंदेला बारा वर्षं कळलं नव्हतं."

"पण चित्र झालं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत…"

"कशाला बोलू? तेव्हा कुणाला माहीत होतं ती मी म्हणून? मला कळलं होतं, त्या रंगाऱ्याला कळलं होतं. लोकांना वाटायचं, सुई ओवताना बाईनं डोळा बारीक केलाय. सगळेच करतात. मी म्हटलं, राहू दे, बरी दिसतेय." तिनं कोट मावशीच्या हातातून घेतला, अस्तर उलटून बघितलं. "आता माणसं काचेला नाक लावून बघतात, खरंच उघडत नाही का ते. परवा एकानं मला चष्मा काढायला सांगितलं. फोटोसाठी. शुक्रवारी या, कोट होईल."

मावशीला माफी मागायची होती. पण तोंडातून आलं ते, "बरं, शुक्रवारी येते."

घरी येऊन ती ताटावर बसली आणि उठली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"तू खोटं सांगितलंस का काही?" तो म्हणाला.

"नाही. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती पोरगी काळ-बिळ म्हणत होती तेच ठीक होतं."

नवऱ्यानं तिचं ताट पुन्हा पुढे सरकवलं. मग म्हणाला, "बसचा थांबा ओलांडून पुढे गेली असशील, तर तिथल्या तिथे गाडी मागे घेता येत नाही. फेरा मारून परत यावं लागतं." तिला हे बोलणं तेव्हा आवडलं नाही, पण रात्रभर डोक्यात राहिलं.

गुरुवारी तिनं छत्रीवालीला सांगून शिंप्यांची गल्ली फेरीतून काढून टाकली. कारण सांगितलं नाही. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मुलीनं फोनवर दाखवलं: भिंत आणि खिडकीचे फोटो जिकडेतिकडे पसरले होते, खाली पत्त्यासकट. लोक आता आपले आपण यायचे.

शुक्रवारी कोट घेताना मावशीनं विचारलं, "मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

"चेहरा काढून टाकता येईल का?" शिंपीणबाईनं विचारलं. जणू तिनं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. "हात राहू देत. हात मला आवडतात."

रंगारी गोदामांच्या बाजूला दोरांनी टांगलेल्या पाळण्यात बसून काम करत होता. मावशीनं त्याला खाली बोलावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला.

"मावशी, माझं सगळ्यांत चांगलं काम आहे ते."

"मला सांगतोस? मला तर पाठ आहे ते. तिला विचारलं होतंस?"

"नाही. पण मी कुणाला सांगितलंही नव्हतं. ओळखलंत ते तुम्ही."

मावशीला हे लागलं, कारण ते खरं होतं. "बरं. अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. आता शिडी कधी आणतोस ते बोल."

तो दाढी खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "भिंत माझी नाही. इमारतीची परवानगी आणा, मी येतो."

इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांनी चित्र इमारतीच्या पत्रांवर छापून घेतलं होतं आणि त्यांना ते पुसायची कल्पनाही सहन होईना. "आमची इमारत ओळखली जाते ती या बाईमुळे! बारापैकी आठ घरांच्या सह्या आणा, मग बघू," असं म्हणून त्यांनी दार लावलं. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

पण मावशीला ती बाराही घरं माहीत होती. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांच्या फरशीखालची गळती तिनंच मीटरच्या काट्यावरून ओळखली होती. नाहीतर त्यांची भिंत ओलीनं पोखरली असती. वरच्या शिक्षिकेचा नळ ती दर वेळी स्वतःच्या पान्यानं घट्ट करून द्यायची. ती एकेक घंटा वाजवत गेली. सगळीकडे एकच प्रश्न: "का पण?" आणि उत्तर देणं सोपं होतं. दोन वाक्यांत सांगितलं असतं तर एकानंही नाही म्हटलं नसतं. तिनं सांगितलं नाही.

"शिंपीणबाईंना नकोय," एवढंच ती म्हणायची. "आपला चेहरा भिंतीवर नको म्हणतात. एवढं पुरे नाही का?"

चौघांना ते लगेच पुरलं. एकानं दारातच वाद घातला, की असं करत गेलं तर शहरात एक चित्र उरणार नाही. शिक्षिका म्हणाली, "विचार करते," आणि दुसऱ्या दिवशी सही केली. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला, त्यानं घर घेतलंच या चित्रामुळे. मावशी त्याच्याकडे तीनदा गेली. तिसऱ्या वेळी तो सही करून म्हणाला, "तुम्ही येणं थांबवणार नाही, हे कळलंय मला." चित्राचा कंटाळा आलेलेही दोघे-तिघे निघाले. सगळ्या मिळून नऊ सह्या झाल्या. सेक्रेटरींनी त्या दोनदा मोजल्या.

रंगाऱ्यानं काम दोन दिवसांत केलं. पहिल्या दिवशी चेहऱ्यावर भिंतीच्या रंगाचा हात मारला. कपाळ गेलं, मग उघडा डोळा, मग तो दुसरा. मावशी खाली दोर लावून वाहनं आणि माणसं बाजूनं काढत होती. एकदोनदा तिनं मुद्दाम दुसरीकडे बघितलं. फोन हातात धरून आलेला एक पाहुणा तिच्याजवळ थांबला.

"पुसतायत? अरेरे! कोण होती हो ही? कुणी खरीच बाई आहे म्हणे इथे."

"माहीत नाही," मावशी म्हणाली. "दोराच्या अलीकडून चला, रंग उडेल."

दुसऱ्या दिवशी चेहऱ्याच्या जागी रंगाऱ्यानं कापड काढलं. शिवायला उचलून धरलेलं असावं तसं मोठं, चुण्यांचं कापड, आणि त्याच्या खालून बाहेर आलेले ते दोन हात. संध्याकाळी शिंपीणबाई भिंत बघायला बाहेर आली. रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिली, बराच वेळ. रंगारी जिवावर आल्यासारखा तिच्याजवळ गेला.

"मला आधी विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. मग, "कापड चांगलं काढलंस. सुती वाटतंय." आणि आत गेली.

लगेच काही बदललं नाही. जुने फोटो बघून लोक येत राहिले, भिंतीखाली गोंधळून उभे राहिले आणि निघून गेले. पाच-सहा आठवड्यांनी खिडकीतली फळी निघाली. पडदा मात्र अर्धा राहिला. मशीन मागच्या खोलीतून परत आलं.

मावशीनं आणखी एक काम अंगावर घेतलं, आणि ते छत्रीवालीला मुळीच आवडलं नाही. फेरीतल्या प्रत्येक भिंतीजवळच्या घरी जाऊन ती विचारून आली: आम्ही इथे थांबलो, बोललो तर चालेल का? आणि काय बोलू नको? न्हावी म्हणाला, रोज आणा, फक्त दुकानाचं नाव मोठ्यानं घ्या. दोघा भावांपैकी एक म्हणाला, भांडणाचं नका सांगू, आता आम्ही बोलतो. देवमाशाच्या मागच्या घरात तान्हं मूल होतं, तिथे दुपारी थांबायचं नाही असं ठरलं. दोन घरांनी सरळ नाही म्हटलं. फेरी अर्ध्या तासानं कमी झाली.

"मावशी, आता सांगायला उरलं काय?" मुलगी वैतागून म्हणाली.

"बूटपॉलिश उरलंय. सहा बोटं उरलीत. तू काळ-बिळ सांग थोडं, मी हसणार नाही."

एका गुरुवारी फेरी सुरू व्हायच्या वेळी शिंपीणबाई चौकात उभी दिसली. काळा चष्मा होता, हातात पिशवी होती. दुकान बंद करून आली होती.

"मी इतकी वर्षं इथे राहते," ती मावशीला म्हणाली, "पण दुकानाबाहेरच्या भिंती काही बघितल्या नाहीत. चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! या."

मावशीनं तिची ओळख करून दिली नाही. पाहुण्यांत आणखी एक पाहुणी. ती सगळ्यांच्या मागून चालत होती. घोडा बघायला दोन पावलं मागे सरकली, देवमाशाजवळ "बापरे" म्हणाली. बँकेच्या मागच्या भिंतीवर हातात टोपी घेतलेला, लांब कोटातला एक रुबाबदार म्हातारा होता. मुलगी त्याच्याविषयी सांगत होती, की हा शहराच्या जुन्या दिमाखाचं प्रतीक आहे, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोट बायकांचा आहे."

सगळे वळले. शिंपीणबाई क्षणभर गांगरली, पिशवी छातीशी धरली. मग पुढे आली.

"बटणं बघा ना. पुरुषाच्या कोटाला बटणं त्याच्या उजव्या अंगाला असतात, काजं डाव्या. याची उलटी आहेत. आणि खांद्याची शिवण बघा, किती पुढे आलीय. हा कोट घालून माणसाला हात वर करता येणार नाही. म्हणून टोपी खाली धरलीय त्यानं."

लोक खो खो हसले. एका माणसानं आपल्याच कोटाची बटणं चाचपून बघितली. कुणीतरी विचारलं, पण उलटी का असतात? शिंपीणबाई त्याला उत्तर द्यायला लागली, बोटानं हवेत शिवण दाखवत. छत्रीवाली मुलगी छत्री बगलेत मारून वहीत भराभर लिहीत होती. मावशी बँकेच्या पायरीवर टेकली आणि बूट काढून तळपाय चोळत ऐकू लागली. पुढच्या भिंतीला उशीर होणार होता, पण तिनं कुणाला घाई केली नाही.